वाक्यातला कर्ता

तात्या वाळुंज गेले, म्हणून कंपनीतली आम्ही जुनी माणसं कासारवाडीच्या एका हॉलमध्ये जमलो होतो. खुर्चीवर तात्यांचा फोटो, त्याला हार, पुढे उदबत्ती. आणि हॉलच्या दुसऱ्या टोकाला बटाटेवडे तळायला घेतलेले. उदबत्तीचा आणि तेलाचा वास एकमेकांत मिसळून घशाशी येत होता. एकेक जण उठून दोन शब्द बोलत होता आणि बोलून झालं की थेट वड्यांकडे जात होता.

आमच्या स्टोअरमध्ये होते ते गृहस्थ म्हणाले, "घरातला कर्ता माणूस गेला. आता बालाजीचा हात त्यांच्या हलगर्जीपणामुळं गेला, हे खरंय. पण चूक कुणाकडून होत नाही? मनानं राजा माणूस."

माना हलल्या. मागच्या रांगेत बालाजी बसला होता. त्याचा उजवा हात नेहमीसारखा खिशात होता. तो बसल्या जागेवरून म्हणाला, "तात्यामुळं न्हाई गेला. बटण मी बांधलो होतो. बांधा म्हणून कोण सांगितला, ते साहेबाला माहीत हाय."

साहेब म्हणजे मी. सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझ्या तोंडात वडा होता. मी तो चावत राहिलो. कुणीतरी घाईघाईने दोन मिनिटं शांतता पाळू म्हणालं आणि आम्ही सगळे उभे राहिलो. त्या शांततेत माझ्या जबड्याचा आवाज मला ऐकू येत होता. घरी, पिंपळे गुरवला येईपर्यंत मला उलटी होईल असं वाटत होतं. झाली नाही. म्हणून हे लिहितो आहे.

तात्या आमच्या चाकणच्या कंपनीत प्रेस शॉपचे शिफ्ट इन्चार्ज होते. पत्र्याला आकार देणारी मोठमोठी प्रेस यंत्रं आणि त्यांचा दिवसभर चाललेला धाड् धाड् आवाज. मी प्रॉडक्शन मॅनेजर, म्हणजे त्यांचा वरिष्ठ. तात्या अंगाने काटक, उंच, दातांत कायम आगपेटीची काडी. ती काडी ते चघळून चघळून तिचा ब्रश करत आणि मग त्याच ब्रशने दात कोरत. समोर बसून जेवणाऱ्याला ते बघवत नसे. दुसरी सवय हात धुण्याची. साबण लावून कोपरापर्यंत घासायचे, आणि मग हात पुसायचे नाहीत, कोपरांत दुमडून दोन्ही पंजे वर धरून वाळवत उभे राहायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, "फडक्याला आदल्या मानसाचा मळ असतो."

पण तात्या लोकांना नकोसे होते ते एका वेगळ्याच खोडीमुळे. ते क्रियापदं पकडायचे.

आपल्या भाषेत बहुतेक पापांना दोन दोन क्रियापदं आहेत. कप फुटतो आणि कप फोडतात. वस्तू पडते आणि पाडतात. लग्न ठरतं आणि ठरवतात. पहिल्यात माणूस दिसत नाही, दुसऱ्यात दिसतो. तात्यांना पहिली तऱ्हा चालायचीच नाही. मीटिंगमध्ये कुणी म्हणालं, "रविवारी शिफ्ट लावायचं ठरलंय," की तात्या तोंडातली काडी काढायचे, तिचं ओलं टोक बोलणाऱ्याकडे रोखायचे आणि म्हणायचे, "ठरलं न्हाई. ठरवलं. कुनी?"

"तात्या, वरून आलंय हो."

"वरनं पाऊस येतो. हे कुनी पाठवलं?"

नव्या इंजिनिअर पोरांना ह्याचं हसू यायचं. "आधी न्हाई-ला नाही म्हणायला शिका, मग आमचं व्याकरण सुधरवा," असं एकाने तोंडावर म्हटलं होतं. तात्या म्हणाले, "माझं न्हाई अशुद्ध हाय, पन ते न्हाईच हाय. तुझं शुद्ध नाही दुपारपर्यंत हो व्हतं."

कॅन्टीनमध्ये एकदा आमटीत झुरळ निघालं. साधंसुधं नाही, बोटाएवढं, मिशांसकट शिजलेलं. दोघांनी तिथेच ओकाऱ्या काढल्या. कॅन्टीनवाला हात जोडून आला. "पडलं असेल हो साहेब, झुरळच ते."

"पडलं," तात्या म्हणाले, "म्हंजी त्यानं जीव दिला व्हय?"

सगळे हसले.

"हसू नका. झुरळ पडलं, कबूल. पातेलं उघडं कुनी ठेवलं?"

"राहिलं हो उघडं."

"पुन्हा ऱ्हायलं! आरं, झुरळाची न्हाई मला शिसारी येत. ह्या ऱ्हायलं-पडलं-झालंची येती." आणि मग आमच्याकडे वळून, "आन आपन रोज बघतो हितं झाकनं नसत्यात. आपन कधी बोललो का? मंग आपनबी शिजवलं त्यात त्याला."

शिसारी हा त्यांचा शब्द. रागावलेले मी त्यांना फार कमी पाहिले. त्यांना शिसारी यायची.

तात्यांच्या गावच्या जमिनीबद्दल सगळं गाव म्हणायचं, "जमीन गेली." आता तिथे गोदामं उभी आहेत. तात्या गावकीच्या बैठकीतसुद्धा म्हणायचे, "गेली न्हाई, इकली. बानं सही केली, चुलत्यानं केली, आन मी त्या दिवशीच्या मटनाच्या पंगतीत पोटभर जेवलो. म्हंजी मीबी इकली." भावकीतल्या लोकांनी त्यांना बोलावणं कमी केलं. ह्यात नवल नाही.

त्यांच्या मुलीच्या सुपारीच्या वेळची गोष्ट मी डोळ्यांनी पाहिलेली. मांडव घातलेला, पाव्हणे बसलेले, भटजींनी सुपारी हातात घेतलेली. तात्या म्हणाले, "थांबा." मुलीला पुढे बोलावलं. "लगीन ठरलं म्हंत्यात सगळी. तू ठरवलंस का?"

मुलगी मान खाली घालून म्हणाली, "घरचे म्हणतील तसं."

"घरचे संसार करायला येनार न्हाईत. तुला डोकं हाय, ते वापर. पसंत हाय का न्हाई? तू बोलल्याबिगर सुपारी फुटनार न्हाई. फुटायची न्हाईच ती. फोडावी लागंल."

वराकडची मंडळी उठायला लागली. तात्यांच्या बायकोने डोक्यावर पदर ओढून रडायला सुरुवात केली. तात्या ढिम्म. शेवटी ती मुलगी म्हणाली, "पोरगा पसंत हाय. पण लग्न माझी डी.एड.ची परीक्षा झाल्यावर." नवरा मुलगाच आधी हसला आणि म्हणाला, "मला चालंल." सुपारी फोडली गेली. नाही, भटजींनी फोडली. बघा, इतकं आपल्या अंगात भिनलेलं असतं.

आता कुणाला वाटेल, मी संताचं चरित्र सांगतो आहे. तात्या संत नव्हते. स्टोअरच्या ज्या गृहस्थांचं मघाशी सांगितलं, त्यांचे वडील वारले तेव्हा आम्ही भेटायला गेलो होतो. ते रडत म्हणाले, "दवाखान्यात न्यायला उशीर झाला हो." आणि तात्यांच्या तोंडून निघून गेलं, "झाला का केला?" ते गृहस्थ पुढे तात्यांशी कधी एक शब्द बोलले नाहीत. मला तेव्हा तात्यांचा तिटकारा आला होता. आजही त्या प्रसंगी तात्या चुकले असंच मला वाटतं. माणसाला कधी कधी आडोसा लागतो. फक्त आडोसा दुःखात घ्यायचा की कायम त्यातच घर करायचं, हा फरक मला कळायला फार वेळ लागला. लावला मी.

बालाजी लातूरकडचा. कॉन्ट्रॅक्टवर प्रेस चालवायला आलेला, बायको आणि दोन मुलं घेऊन. त्याच्या बोलण्याची पोरं टिंगल करायची, कारण तो म्हणायचा, "मी काम केलो. मी चपाती खाल्लो." एकदा सगळे त्याची नक्कल करून हसत असताना तात्या आले.

"काय चुकीचं बोलतो तो?"

"तात्या, मी काम केलं म्हणायचं असतं."

तात्यांनी काडी काढली. "आपन म्हनतो, मी काम केलं. केलं कुनाचं? कामाचं. मी नुस्ता बाजूला हुबा. ह्यो म्हनतो, मी केलो. काम झाल्यावरबी मानूस त्यातच ऱ्हातो. ह्याचं बरोबर हाय. तुमीच चुकताय." आणि बालाजीला म्हणाले, "बदलू नको रं भावा."

तेव्हापासून दोघांचं जमलं.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते.

प्रेसला दोन बटणं असतात, एकमेकांपासून लांब. दोन्ही एकदम दाबल्याशिवाय यंत्र खाली येत नाही. कारण उघड आहे: दोन्ही हात बटणांवर असले तर यंत्राच्या तोंडात एकही राहत नाही. पण दोन्ही हात अडकले की काम सावकाश होतं. म्हणून आमच्याकडे आणि आजूबाजूच्या कितीतरी लहान कंपन्यांत एक युक्ती चालायची. एक बटण सायकलच्या ट्यूबच्या तुकड्याने बांधून कायमचं दाबून ठेवायचं. मग एका हाताने दुसरं बटण, एका हाताने माल. सगळ्यांना माहीत होतं. साहेब लोक शॉपमधून फिरताना त्या बाजूला बघायचे नाहीत. न बघण्याची ती कला मला चांगली अवगत होती.

तात्यांच्या किल्ल्यांना एक छोटा चाकू होता. रोज शिफ्ट सुरू झाली की ते फिरून बांधलेल्या ट्यूबा कापायचे आणि केबिनमधल्या खिळ्याला अडकवायचे. काळ्या आतड्यांसारखा तो घोस तिथे लोंबत असायचा.

त्या दिवशी सकाळच्या मीटिंगला आमचे मोठे साहेब, मी आणि तात्या, तिघंच होतो. बड्या कंपनीची गाडी दारात उभी होती. आमचा माल वेळेत गेला नाही तर त्यांची लाइन थांबणार होती, आणि ती थांबली तर आमचं काम काढून घेतील, असा निरोप होता. साहेब म्हणाले, "गाडी आज भरून गेलीच पाहिजे."

तात्या म्हणाले, "दोन्ही बटनं दाबून एवढा माल न्हाई निघत."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. काही बोलले नाहीत. बोलायची गरज पडू नये, ह्यासाठीच माझ्यासारखी माणसं पगारावर ठेवलेली असतात. मी म्हणालो, "तात्या, जे रोज चालतं ते आज चालू द्या."

"म्हंजी बांधू देऊ?"

"मी तसं कुठे म्हणालो? तुम्ही समजून घ्या."

समजून घ्या. ह्या दोन शब्दांइतकं गलिच्छ काही मी आयुष्यात बोललेलो नाही, आणि शिव्या मी भरपूर दिल्या आहेत. तात्यांनी काडी तोंडातून काढली. मला वाटलं आता रोखतील. त्यांनी ती खिशात टाकली आणि निघून गेले. त्या दिवशी त्यांचा चाकू किल्ल्यांनाच राहिला.

दुपारच्या जेवणानंतर बालाजीच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. शॉपमध्ये मी पोहोचलो तेव्हा यंत्र थांबवलेलं होतं आणि तरीही बटणावर ट्यूब तशीच ताणलेली होती. एक जण पत्र्यावर लाकडाचा भुसा टाकत होता. मी पहिलं काम काय केलं असेल? मी त्या ट्यूबकडे बघायचं टाळलं.

तिसऱ्या प्रहरी मी दवाखान्यात गेलो. बालाजी शुद्धीवर होता. कॉन्ट्रॅक्टर त्याला सांगत होता, "नशिबात होतं बाबा." बायको म्हणत होती, "देवानं केलं." मीही काहीतरी तसंच पुटपुटलो. तात्या आले, पलंगाशी उभे राहिले आणि म्हणाले, "बालाजी, बटन कुनी बांधलं?"

त्याच्या बायकोने तात्यांकडे असं पाहिलं की मी मान फिरवली. हा माणूस आहे की राक्षस, असंच मलाही वाटलं.

बालाजी छताकडे बघत म्हणाला, "मीच बांधलो, तात्या."

"व्हय. तू बांधलास. आन मी बघितलं, आन कापलं न्हाई. मला ह्या सायबांनी सांगितलं, त्यांच्या सायबांनी ऐकलं. आपन चौघांनी केलं. नशिबाला ह्यात आनू नको, ते तिथं नव्हतं." आणि पलंगाच्या कडेला बसून त्यांनी त्याचा धड हात आपल्या हातांत घेतला.

पुढे कितीतरी वर्षांनी बालाजी मला म्हणाला, "सगळे मला गरीब बिचारा म्हणत होते, साहेब. तात्या एकटा मला माणूस धरून बोलला." तेव्हाही मी विषय बदलला होता.

चौकशी झाली. म्हणजे कंपनीने केली, आपल्याच माणसांकडून. तात्यांनी दवाखान्यात सांगितलं तेच शब्दाला शब्द तिथे सांगितलं. मला विचारलं, "तुम्ही अशी सूचना दिली होती?" मी म्हणालो, "असं काही बोलणं झाल्याचं आठवत नाही." आणखी विचारलं, "मग काय झालं?" मी म्हणालो, "एक बटण बांधलं गेल्याचं नंतर लक्षात आलं."

बघा ते वाक्य. किती स्वच्छ आहे. त्यात एकही माणूस नाही. मोठे साहेब तर म्हणाले, "दुर्दैवी घटना घडली." घटनाच ती, घडणारच. सगळ्या जबान्यांत कर्ता असलेलं वाक्य एकट्या तात्यांचं होतं, 'मी बघितलं आन कापलं न्हाई.' चौकशीवाल्यांनी तेवढंच उचललं, बाकीचं पुरावा नसलेलं म्हणून सोडलं, आणि तात्यांना काढलं. खरं बोललेलं अर्धं वाक्य त्यांना भोवलं. तात्यांच्या गावभर, गोदामागोदामांतून, चहाच्या टपऱ्यांवरून एकच गोष्ट पसरली: वाळुंजाच्या हलगर्जीपणानं एका गरिबाचा हात गेला. मला पुढच्या वर्षी बढती मिळाली.

तात्या एकदाच माझ्या घरी आले. बायकोने चहा दिला तो घेतला नाही. म्हणाले, "नोकरी नगं मला. एक वाक्य द्या. चार मानसांसमोर म्हना, तात्या, मी सांगितलं. माझं मी नाकारत न्हाई, पन माझी पोरगी शाळेत शिकवती आता. पोरं तिला इचारत्यात."

मी म्हणालो, "बघतो."

ते दारापर्यंत गेले, वळले. "सायेब, तुमाला कुनी बांधलं नव्हतं. हात मोकळं व्हतं तुमचं. म्हनून शिसारी येती." आणि गेले.

हे खरं आहे. मला कुणी बांधलं नव्हतं. नोकरी गेली असती तर दुसरी मिळाली असती. माझ्याकडे डिप्लोमा होता, घर होतं, वरपर्यंत ओळखीचे लोक होते. सकाळी त्या खोलीत मला विचार करता येत होता, नाही म्हणता येत होतं, आणि मी म्हणालो नाही. दडपण होतं, परिस्थिती होती, हे सगळं मी पुढे स्वतःला ऐकवलं. त्यातलं काही नव्हतं. गाडी भरायची होती आणि साहेबांचा चेहरा प्रसन्न ठेवायचा होता. एवढ्याचसाठी माणूस दुसऱ्याची बोटं देतो.

तेव्हा मागितलेलं वाक्य आता देतो. तात्यांनी बटण बांधू दिलं, कारण मी त्यांना तसं सुचवलं. चौकशीत मी खोटं बोललो. शुद्ध मराठीत ह्यातून निसटायला अजून जागा राहते असं मला वाटतं, म्हणून बालाजीच्या मराठीत लिहितो: ते मी केलो.

तोंडाने म्हणायला एकदा गेलो होतो. मागच्या दिवाळीच्या आधी. चाकणच्या पलीकडे, गोदामांच्या मागे त्यांचं घर. गाडीत बसून वाक्य पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं होतं. तात्या ओट्यावर बसले होते, वाळून काडी झालेले. दात उरले नव्हते, तरी आगपेटीची काडी हिरड्यांत धरलेली. मुलगी घरीच होती. केस पिकायला लागलेले तिचे.

मी म्हणालो, "तात्या, त्या दिवशी सकाळी..."

त्यांनी हात वर केला. "व्हऊन गेलं, सायेब. जाऊ द्या."

चहाचा कप घेऊन येणारी मुलगी दारातच थबकली. आयुष्यात तिने बापाच्या तोंडून हे ऐकलं नसावं. मी तरी ऐकलं नव्हतं. झालं, पडलं, ठरलं ह्यांचा उभा जन्म तिटकारा केलेल्या माणसाने ते एक क्रियापद काढून माझ्यापुढे टाकलं. कुत्र्यापुढे टाकतात तसं, की पाहुण्यापुढे ठेवतात तसं, मला आजवर कळलेलं नाही.

मी ते उचललं. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं मला, आणि त्या हलकेपणाची जेवढी किळस मला आज येते तेवढी त्या आमटीतल्या झुरळाचीही आली नव्हती. मी चहा प्यालो. अंगणातल्या शेवग्याला शेंगा छान धरल्यात म्हणालो. गुडघ्यांना कुठलं तेल चांगलं ते सांगितलं. निघताना वाकून त्यांचे दोन्ही हात माझ्या हातांत घेतले आणि दाबले. त्यांनी घेऊ दिले.

गाडी वळवताना आरशात पाहिलं. जेवायची वेळ झाली होती, कदाचित म्हणूनही असेल. तात्या भिंतीला धरून फाटकाजवळच्या नळाशी गेले होते. साबण लावून कोपरापर्यंत हात घासत होते, सावकाश, एकेक बोट. मुलगी पंचा घेऊन उभी होती. त्यांनी मान हलवली, पंचा घेतला नाही. दोन्ही पंजे वर धरून, वाऱ्यावर वाळवत, माझी गाडी दिसेनाशी होईपर्यंत ते तसेच उभे होते.